दादी, बा, नोन्ना, आजी

वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, आर्वी या गावांत अशी कितीतरी घरं आहेत, जिथं भांडण मराठीत होतं, भाजीवाल्याशी घासाघीस मराठीत होते, मुलं मराठी नाहीतर इंग्रजी शाळेत जातात, आणि आजीला मात्र 'दादी' म्हणतात. घराण्याचं मूळ गाव शेखावाटीत नाहीतर बिकानेरकडं राहिलं, त्याला चार-पाच पिढ्या झाल्या. नातवंडांना मारवाडी कळते. बोलायला गेलं की दुसऱ्या वाक्याला हिंदी येते आणि तिसऱ्याला मराठी. तरी 'दादी'ची 'आजी' होत नाही. गुजराती घरातली 'बा' अशीच टिकून असते, तेलुगू घरातली 'अम्मम्मा' आणि 'नानम्मा'ही.

परमुलखात गेलेल्या घराची भाषा एका दिवसात जात नाही. ती आधी बाजारातून जाते, मग शाळेच्या वहीतून, मग भावाभावांच्या गप्पांतून. स्वयंपाकघरात ती जरा जास्त तग धरते, कारण तिथल्या काही पदार्थांना दुसऱ्या भाषेत नावंच नसतात. सगळ्यात शेवटी उरते ती आजीला मारायची हाक. इटलीतून अमेरिकेत गेलेल्यांचंही हेच झालं. १८८० ते १९२४ या काळात सुमारे ४० लाख इटालियन माणसं तिथं उतरली. तिसऱ्या पिढीला इटालियन धड बोलता येईना, पण आजीला 'नोन्ना' म्हणायचं त्यांनी सोडलं नाही. अर्जेंटिनात गेलेल्यांची भाषा स्पॅनिश झाली. स्पॅनिशमध्ये आजीला 'आबुएला' हा चांगला रुळलेला शब्द आहे. तरी तिथल्या इटालियन वंशाच्या घरांत आजी 'नोना'च राहिली, आणि तो शब्द आता त्या देशाच्या स्पॅनिशमध्ये सगळ्यांच्या ओळखीचा आहे.

बाकीचे शब्द वस्तूंचे असतात. वस्तू बदलली की शब्द बदलतो. हाक ही माणसाची असते. शिवाय आजीच्या हाकेला वारस असतो. दादी गेली की तिची सून दादी होते. ती सून लग्नाआधी अमरावतीची असेल, अकोल्याची असेल, तिनं राजस्थान कधी पाहिलंही नसेल. पण पहिलं नातवंड बोलायला लागलं की घरातल्या त्या जागेचं नाव तिला लागतं. मूळ गावातलं घर पडून गेलं, जमीन भाऊबंदांकडे राहिली, तरी ही एक गोष्ट वारशानं चालत येते.

वर्धा हे गाव तसं नवंच. जिल्हा १८६२ साली नागपुरातून वेगळा काढला. मुख्य ठाणं आधी पुलगावजवळच्या कवठ्याला होतं. १८६६ साली पालकवाडी नावाच्या खेड्याशेजारी नवं शहर आखलं आणि नदीचं नाव त्याला दिलं. पुढच्याच वर्षी, १८६७ साली, मुंबईहून निघालेली रेल्वे वर्ध्यावरून नागपूरला पोचली. अमेरिकेतल्या यादवी युद्धानं कापसाचे भाव चढवून ठेवले होते, हिंगणघाटच्या कापसाला आधीपासूनच नाव होतं. अशा वेळी मारवाडातून, गुजरातेतून, तेलंगणातून माणसं येणारच. इतिहासात अडतदार, सावकार, गिरणीमालक यांची नावं येतात. त्यांच्यामागून बैलगाडीतून, पुढं आगगाडीतून ज्या बायका आल्या, त्यांची नावं फारशी येत नाहीत. त्यांच्यातल्या एकीचं नाव मात्र आलं. ते सदीबाईंचं.

सदीबाई म्हणजे वर्ध्याच्या शेठ बच्छराज बजाज यांच्या पत्नी. सीकरजवळ काशी का बास नावाचं लहान गाव आहे. बच्छराजजी आणि सदीबाई तिथं गेले असताना कनीराम आणि बिरदीबाई यांच्या एका मुलावर सदीबाईंचा जीव जडला. बोलता बोलता बिरदीबाई म्हणून गेल्या की हा तुमचाच आहे. शिष्टाचारात आपण असं म्हणतोच. सदीबाईंनी तो शब्द धरला. मुलाच्या बदल्यात पैसा घ्यायला आईवडील तयार नव्हते. शेवटी पाण्याचं दुर्भिक्ष असलेल्या त्या गावाला बच्छराजजींनी विहीर बांधून द्यावी असं ठरलं, आणि पाच वर्षांचा जमनालाल वर्ध्याला आला. जमनालाल बजाजांच्या चरित्रांत ही हकीकत सांगितलेली असते ती त्यांच्या भाग्याची गोष्ट म्हणून. मला तिच्यात सदीबाई दिसतात. बच्छराजजींनी या मुलाला मुलगा म्हणून दत्तक घेतलं नाही, नातू म्हणून घेतलं. म्हणजे सदीबाईंच्या ओटीत आलेल्या त्या पोरानं त्यांना 'मां' म्हणायचंच नव्हतं, पहिल्या दिवसापासून 'दादी' म्हणायचं होतं. आजीपण सहसा वयानं येतं. सदीबाईंनी ते मागून घेतलं.

मूल दत्तक देण्याला मराठीत 'ओटीत घालणं' म्हणतात, हिंदीत 'गोद देना'. 'दत्तक' हा शास्त्राचा शब्द, त्याचा अर्थ नुसता 'दिलेला'. कायदा देणाऱ्याकडून बोलतो. ओटी आणि गोद हे शब्द घेणाऱ्या बाईच्या शरीराकडून बोलतात. काशी का बासच्या त्या व्यवहारात हे दोन्ही होतं, आणि त्या दोन्हींच्या मध्ये ती विहीर होती.

आता 'दादी'कडे वळू. हिंदीत आणि राजस्थानीत दादा म्हणजे वडिलांचे वडील आणि दादी म्हणजे वडिलांची आई. मराठीत दादा हा थोरला भाऊ, आणि त्याची स्त्री-बाजू 'दादी' अशी झालीच नाही. मराठीनं थोरल्या बहिणीला 'ताई' दिलं. बंगालीतही दादा थोरला भाऊच. एकच शब्द एका भाषेत आजोबा होतो आणि दुसरीत भाऊ, कारण मुळात तो नात्याचा शब्द नव्हताच. तो बाळाच्या तोंडचा आवाज होता. ओठ मिटून उघडले की म, ब, प निघतात. जीभ दातांमागं टेकली की त, द, न निघतात. बाळ हेच वर्ण आधी घोळवतं, आणि भोवतीची मोठी माणसं 'मलाच हाक मारली' म्हणून ते आपापल्यात वाटून घेतात. रोमन याकोबसन या भाषावैज्ञानिकानं १९६०च्या सुमारास आई-बापांच्या नावांवर लिहिलेल्या निबंधात जगभरच्या भाषांतली हीच गोष्ट मांडली.

वाटणी कशी होते ते 'न' या वर्णावर चांगलं दिसतं. हिंदीत नाना-नानी म्हणजे आईचे आईवडील. मराठीत 'नाना' हे घरातल्या कर्त्या पुरुषाचं नाव. तेलुगूत 'नान्न' म्हणजे बाप, म्हणून बापाची आई ती 'नानम्मा'. इटालियनमध्ये आजी 'नोन्ना', आणि सिसिलीच्या बोलीत 'नान्ना'. ऋग्वेदाच्या नवव्या मंडलात ११२वं सूक्त आहे. त्यातला कवी आपल्या घराची ओळख करून देतो: तो स्वतः कवी, त्याचा 'तत' वैद्य आणि त्याची 'नना' दगडावर धान्य भरडणारी. 'तत' म्हणजे बाप आणि 'नना' म्हणजे आई. वेदात देवांच्या स्तुतीची भाषा केवढी घडवलेली आहे! तिच्यात हे दोन शब्द घरातून उठून जसेच्या तसे आलेले दिसतात. आणि ती नना काम करताना दिसते. पुढच्या काळात जात्यावर बसलेल्या आपल्या आज्यांची, पणज्यांची ती फार जुनी ओळख आहे. हे सगळे 'न'चे शब्द एकमेकांपासून निघाले असं मात्र समजू नये. प्रत्येक घरातल्या बाळानं ते आपले आपण पुन्हा काढलेले असतात.

'आजी' तशी नाही. ती बाळबोलीतून आलेली नाही. तिला रीतसर वंशावळ आहे. संस्कृतात 'आर्य' म्हणजे मान्य, आदरणीय. त्यावरून 'आर्यक' म्हणजे आजोबा. पालीत त्याचा 'अय्यक' झाला आणि आजीला 'अय्यका' म्हणू लागले. प्राकृतात 'अज्जय' आणि 'अज्जिआ'. पुढं मराठीनं आपल्या नेहमीच्या पद्धतीनं जोडाक्षर सैल केलं आणि आधीचा स्वर लांबवला. सप्तचा सत्त होऊन सात झाला, कर्माचं कम्म होऊन काम झालं, हस्ताचा हत्थ होऊन हात झाला. तशी अज्जिआची आजी झाली. कृ. पां. कुलकर्णींच्या १९४६ सालच्या व्युत्पत्तिकोशात ही वाट दिली आहे. गंमत अशी की 'आज' हा दिवसाचा शब्दही याच वाटेनं आला: अद्य, अज्ज, आज. संतांच्या अभंगांत 'आजि' येतं ते हे, म्हणजे 'आज'. त्याचा आजीशी संबंध नाही. दोन वेगळ्या घरचे शब्द चालता चालता एकसारखे दिसू लागले, इतकंच.

आजोळ हा शब्दही इथलाच. देवकुलाचं देऊळ झालं, राजकुलाचं राऊळ झालं, तसं आज्याच्या कुळाचं आजोळ. माहेर म्हणजे आईचं घर, मातृगृह. आजोळ म्हणजे नातवाचं. घर तेच, दार तेच, पण एकाच घराला लेक एका शब्दानं ओळखते आणि तिचं मूल दुसऱ्या. आजीच्या आधी 'प्र' लागून पणजी झाली आणि नातवाच्या आधी लागून पणतू. पणतू हा सरळ प्रनप्तृपासून आला.

'आर्या' आणि 'आर्यिका' हे शब्द जुन्या काळी आणखी एका स्त्रीसाठी वापरत. जैन संघातली साध्वी. प्राकृतातल्या जैन ग्रंथांत साध्वीला 'अज्जा' म्हटलेलं आहे, आणि दिगंबर जैनांत साध्वीला आजही आर्यिकाच म्हणतात. म्हणजे घरातली आजी आणि घर सोडून गेलेली साध्वी या दोघींचं मूळ एकाच आदराच्या शब्दात आहे. आता इटलीकडे पाहा. उत्तरकालीन लॅटिनमध्ये 'नोन्नुस' आणि 'नोन्ना' ही वडीलधाऱ्यांना आदरानं हाक मारायची नावं होती. मठातल्या वृद्ध साधूंना आणि साध्वींना हीच हाक मारत. त्या 'नोन्ना'चा एक धागा मठात गेला आणि इंग्रजीत 'नन' झाला. दुसरा घरात गेला आणि इटालियनमध्ये आजी झाला. दोन्ही देशांनी, एकमेकांना न विचारता, एकच गोष्ट केली: पिकलेल्या केसांच्या बाईला मान देणारा एक शब्द घेतला आणि त्याच्या दोन फांद्या केल्या, एक मठात, एक घरात.

मला हे योगायोगाचं वाटत नाही. साध्वी जगाचं व्हावं म्हणून घर सोडते, आणि आजी घराचं व्हावं म्हणून स्वतःचं म्हणावं असं बहुतेक सगळं सोडते. जुन्या माणसांना या दोन सोडण्यांत जातीचं साम्य दिसलं असावं. मारवाडातून आठव्या-नवव्या वर्षी सासरी वर्ध्याला आलेल्या मुलीनं मूळ गाव सोडलं, पाण्याची चव सोडली, बाजरीची भाकरी सोडून ज्वारीची धरली, आणि साठ वर्षांनी तिच्याजवळ स्वतःच्या मुलखाचं जे उरलं ते नातवाच्या तोंडात होतं.

'नातू' शब्दाचं आणि इटालियनचं नातं तर खरंच रक्ताचं आहे. संस्कृत नप्तृ, त्याचा नत्तु, त्याचा नातू, नप्तीची नात. लॅटिनमध्ये याच शब्दाचं भावंड 'नेपोस', आणि नातीला 'नेप्तिस'. नेपोसचं इटालियनमध्ये झालं 'निपोते', म्हणजे नातू किंवा नात, आणि पुतण्या-भाचाही. पोप आपल्या पुतण्या-भाच्यांना मोठमोठ्या जागा देत, त्यावरून नेपोटिझम हा शब्द निघाला, जो आता आपल्या वर्तमानपत्रांतही येतो. पण तो मूळचा घरातला शब्द. नोन्ना आणि आजी यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. त्या दोघी ज्यांच्यासाठी जागतात त्यांची नावं मात्र हजारो वर्षांपूर्वी एकाच घरात होती. सिसिलीतल्या आजीचा निपोते आणि वर्ध्याजवळच्या सेलूतल्या आजीचा नातू हे भाषेच्या हिशेबानं चुलतभाऊ आहेत.

इटलीत जन्मलेला एक माणूस वर्ध्याला येऊन गेला होता. लांझा देल वास्तो हा पुलिया प्रांतातला कवी १९३७च्या सुमारास सेगावला गांधीजींकडे आला, काही महिने राहिला, आणि गांधीजींनी त्याला 'शांतिदास' हे नाव दिलं. सेगावात नावं अशी बदलत. खुद्द सेगावचंच बदललं. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी तिथं राहायला आले, पण बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावशी नावाचा घोटाळा होऊन टपाल भलतीकडं जाई, म्हणून १९४० साली सेगावचं सेवाग्राम केलं. या सगळ्या बदलांत एक नाव बदललं नाही, ते 'बा'.

कस्तुरबांचं मूळ नाव कस्तुर. 'बा' ही गुजरातीतली आईची हाक. पोरबंदरची मुलगी, राजकोट, दक्षिण आफ्रिका, साबरमती असं करत उतारवयात वऱ्हाड-नागपूरच्या सीमेवरच्या या उन्हाच्या गावी आली. सगळे आश्रमातल्या पहिल्या घरात, आदि निवासात, एकत्र राहत. बांना जरा आडोसा मिळावा म्हणून जमनालालजींनी शेजारी एक लहानशी झोपडी बांधून दिली, ती आजची बा कुटी. आश्रमातले सगळे त्यांना बा म्हणत. त्यांच्या मुलाचा, रामदासांचा, मुलगा कनु लहानपणी काही काळ त्यांच्याजवळ होता. गुजराती घरांत आजीलाही 'बा' म्हणायची रीत पुष्कळ ठिकाणी आहे, कारण वडील जिला बा म्हणतात तिला मुलंही बा म्हणतात.

सेगावच्या माणसांच्या कानाला हा शब्द कसा लागला असेल, हे मला फार जाणून घ्यावंसं वाटतं. कारण इथल्या बोलीत 'बा' म्हणजे बाप. 'माहा बा वावरात गेला' असं इथलं पोर म्हणतं. मराठीत देवालाही 'बा' म्हणून हाक मारतात, आजाचा आजोबा होतो तो हाच 'बा' लागून. एका कुंपणाच्या आत बा ही आई होती आणि बाहेर बा हा बाप. पण गावकऱ्यांनी ती गुजराती बा जशीच्या तशी घेतली. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी पुण्यात आगाखान पॅलेसच्या बंदिवासात बा गेल्या. सेवाग्रामला त्यांचं परतणं झालं नाही. गावात रुग्णालय उभं राहिलं त्याला नाव पडलं कस्तुरबा, आणि आजही सगळा जिल्हा ज्या दवाखान्यात बाळंतपणासाठी येतो त्याच्या नावात ती आईची हाक आहे.

वडील जी हाक मारतात तीच मुलं मारतात, ही रीत मराठी घरांतही आहे आणि तिच्यामुळं आपल्याकडं आजीची किती तऱ्हेची नावं पडली आहेत! मोठ्या कुटुंबात थोरली सून आली. तिचे दीर तिला 'वहिनी' म्हणत. तिची मुलं काकांचं ऐकून आईलाच 'वहिनी' म्हणू लागली. मग मुलांच्या मुलांनीही तेच उचललं. अशा घरात ऐंशी वर्षांची आजी साऱ्या नातवंडांची 'वहिनी' असते. दुसऱ्या घरात ती 'काकू' असते, तिसऱ्यात 'अक्का', 'माई', 'जिजी'. परक्याला हे विचित्र वाटेल. पण त्या एका हाकेत त्या घराचा इतिहास असतो: एके काळी इथं चार दीर होते, एकच चूल होती, आणि ही त्या सगळ्यांत पहिली आली.

विदर्भात आईला 'माय' म्हणतात, आजोबाला 'आबाजी'. आजीला पुष्कळ घरांत नुसतं 'बुढी' म्हणतात. पुण्याकडच्या पाहुण्याला ते ऐकून दचकायला होतं, पण 'आमची बुढी' म्हणताना इथल्या माणसाच्या आवाजात काय असतं ते ऐकलं की दचकणं थांबतं. 'माय' ही मातेपासून, माताची माआ, तिची माय. 'आई' हा शब्द वर्ध्यात एका खास वाटेनं येऊन मुक्कामाला राहिला. विनोबा कोकणातल्या गागोद्याचे, बडोद्यात वाढलेले, १९२१ साली वर्ध्याला आले. संस्कृत गीता कळत नाही, तर तूच मराठीत का आणत नाहीस, असं त्यांच्या आईनं, रुक्मिणीबाईंनी, त्यांना पूर्वी विचारलं होतं. ती १९१८ साली गेली. ऑक्टोबर १९३० ते फेब्रुवारी १९३१ या महिन्यांत विनोबांनी वर्ध्यात बसून ते काम केलं आणि नाव दिलं 'गीताई'. विठाई, जिजाई, मुक्ताई यांच्या रांगेतला हा शब्द. ज्या बाईनं मागितलं तिला ते वाचायला मिळालं नाही, पण तिची हाक ग्रंथाच्या नावात कायमची बसली. गोपुरीतल्या गीताई मंदिरात गीताईचे श्लोक दगडांवर कोरले आहेत.

आजीच्या प्रेमाला मराठीत खास शब्द आहे, 'माया'. संस्कृतात माया म्हणजे भास, जादू, गुंतवून ठेवणारा पसारा. संन्याशाला ती तोडायची असते. मराठीनं तिचा अर्थ फिरवला आणि घरातल्या जिव्हाळ्याला तो शब्द दिला. साठवलेल्या पैशालाही आपण माया म्हणतो. आणि शिंप्याच्या भाषेत माया म्हणजे शिवणीच्या आत जादा सोडलेलं कापड. माझी आजी घरीच शिवायची. फ्रॉकच्या घेराला आणि बाजूच्या शिवणीला ती चांगली दोन-दोन बोटं माया ठेवायची, आणि दिवाळी आली की शिवण उसवून फ्रॉक सैल करायची. आतली पट्टी बाहेर आली की ती बाकीच्या कापडापेक्षा गडद दिसे, कारण तिला ऊन लागलेलं नसे. पोर वाढणार हे धरूनच तिनं ते कापड आत मुडपून ठेवलेलं असे. वेदान्तातली माया आणि मशीनवरची माया हे दोन अर्थ कोशात एकाखाली एक दिलेले असतात. मला त्यातला दुसराच आजीचा वाटतो.

नातवंडाला मराठीत 'दुधावरची साय' म्हणतात. मारवाडी आजी म्हणते, 'मूल से ब्याज प्यारा', मुद्दलापेक्षा व्याज गोड. एकीकडे दुभत्याच्या घराची भाषा, दुसरीकडे पेढीच्या घराची, आणि दोघींना म्हणायचं आहे एकच. वर्ध्यात या दोन म्हणी शेजारी राहून एकमेकींच्या घरात गेल्या आहेत. इथल्या मराठी आज्याही आता मुद्दल-व्याजाची म्हण सर्रास वापरतात, आणि मारवाडी घरांत सायीचा उल्लेख होतो.

सदीबाईंच्या घरात जावऱ्याहून एक नऊ वर्षांची सून आली, १९०२ साली. त्या जानकीदेवी बजाज. जमनालालजींबरोबर त्यांनी दागिने उतरवले, पडदा सोडला, खादी धरली. जुलै १९२८ मध्ये बच्छराजजींचं लक्ष्मीनारायण मंदिर हरिजनांसाठी उघडलं तेव्हाही त्या पतीसोबत होत्या. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी जमनालालजी गेल्यावर गोसेवेचं काम त्यांनी अंगावर घेतलं. वर्ध्याचा गोरस पाक, कणीक आणि गाईच्या तुपाची ती खुसखुशीत वडी, ही त्याच गोसेवेच्या चळवळीतली. पुढं विनोबांच्या भूदानात त्यांनी कूपदानाचं काम केलं: गावोगावी मागायचं आणि विहिरी खोदवायच्या. ज्या घराला नातू मिळाला तो एका विहिरीच्या बदल्यात, त्या घरची दादी म्हातारपणी लोकांसाठी विहिरी मागत हिंडली. १९५६ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. त्यांचं हिंदीतलं आत्मचरित्रही आहे. १९७९ साली त्या गेल्या.

आता वर्ध्यात वाटा उलट्या दिशेनं जातात. मुलं पुण्याला, बंगळूरला, तिथून पुढं अमेरिकेत जातात. नातवंडं इंग्रजी बोलतात आणि 'आजी' एवढा एक मराठी शब्द नीट, ज दाबून उच्चारतात. त्रिनिदादमध्ये हे आधी होऊन गेलं आहे. १८४५ पासून तिथं गेलेल्या मजुरांची भोजपुरी जवळजवळ विझली. तरी तिथल्या घरांत बापाच्या आईवडिलांना 'आजा-आजी' आणि आईच्या आईवडिलांना 'नाना-नानी' म्हणणं चालू राहिलं. मराठीत हा भेद नाही, दोन्हीकडची आजी आजीच. म्हणून परदेशातली मराठी मुलं ओळख पटवायला गावाचं नाव लावतात: नाशिकची आजी, वर्ध्याची आजी. मारवाडी वडील आणि मराठी आई असलेल्या वर्ध्यातल्या घरांत तर हा प्रश्नच उरत नाही. बापाची आई दादी, आईची आई आजी, आणि दोन भाषांनी मिळून ते काम परस्पर केलेलं असतं.

न्यू जर्सीत वाढणाऱ्या मुलानं वर्धा पाहिलेलं नसतं. नदी, रेल्वे, सेवाग्राम, यातलं त्याला काही ठाऊक नसतं. शाळेत कोणी विचारलं तर तो वर्धा हे गावाचं नाव आहे असं सांगेलच असं नाही. त्याच्या लेखी ते आजीचं नाव असतं.